दुखतंय तिथे ताणू नका

दोरीवर ओली चादर टाकताना, फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढताना किंवा लोकलमध्ये वरची कडी धरताना खांद्यात चमक निघते. हात खाली असतो तोवर काही नाही. तो साधारण ६० अंशांवर आला की कळ सुरू होते आणि १२० च्या पुढे, कानाकडे गेला की पुन्हा ओसरते. हा मधला दुखरा टप्पा म्हणजे खांद्याच्या इम्पिंजमेंटची ठळक खूण.

अशा वेळी घरोघरी एकच सल्ला मिळतो: खांदा आखडलाय, ताण दे, मोकळा होईल. मग दुखरा हात चांगल्या हाताने धरून बळेच वर ओढला जातो. थोड्या दिवसांनी त्या कुशीवर झोपणंही जमेनासं झालं की मंडळी फिजिओथेरपीला येतात. माझा पहिल्या भेटीतला बराचसा वेळ ही ओढाताण थांबवण्यातच जातो. या दुखण्यात आखडलेलं असतं एकीकडे आणि दुखत असतं दुसरीकडे.

फऱ्याच्या हाडाचा एक भाग खांद्याच्या वर छपरासारखा पुढे येतो. त्याला अक्रोमियन म्हणतात. हे छप्पर आणि दंडाच्या हाडाचा गोल यांच्यात जेमतेम सेंटिमीटरभर फट असते. तिच्यातून सुप्रास्पायनेटस या स्नायूची दोरी जाते आणि तिच्यावर द्रव असलेली एक पातळ पिशवी असते. हात वर जाताना ही फट अरुंद होते. ती पुरेशी राहावी म्हणून फऱ्याचं हाडही फिरावं लागतं: दंड दोन अंश उचलला, तर फऱ्याने साधारण एक अंश वळायचं. हा मेळ बिघडला की दोरीवर आणि पिशवीवर दाब वाढतो, त्यालाच इम्पिंजमेंट म्हणतात.

अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये या दुखण्यावर लिहिलं आणि अक्रोमियनचा पुढचा खालचा भाग तासण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढची कित्येक दशकं ती जगभर होत राहिली. मग ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर काहीच केलं नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: हाड तासलेल्यांना नुसती दुर्बीण घातलेल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नव्हता. ‘हाड घासतं म्हणून दुखतं’ हे चित्र अपुरं आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. दोरीची भार सोसण्याची ताकदही तितकीच महत्त्वाची असते. ‘तुमचं हाड घासतंय’ असं ऐकून घाबरलेल्या माणसाला हे आवर्जून सांगायला हवं, कारण तो हात हलवायलाच भितो आणि खांदा आणखी कमजोर होतो.

मग ताण द्यायचा कुठे? बहुतेक वेळा दोन जागी. एक, खांद्याच्या मागच्या बाजूला. तिथलं आवरण आणि स्नायू आखडले की हात उचलताना दंडाचा गोल पुढे आणि वर सरकतो. दुसरी जागा छातीवर, पेक्टोरालिस मायनर हा छोटा स्नायू. तो बरगड्यांपासून फऱ्याच्या पुढच्या टोकापर्यंत जातो. आखडला की फऱ्याला पुढे झुकवून ठेवतो आणि वर वळू देत नाही.

मागच्या बाजूचा ताण मी असा शिकवते. “काकू, पाठ भिंतीला लावून उभ्या राहा. फऱ्याचं हाड भिंतीला टेकलं पाहिजे, सुटू द्यायचं नाही. आता दुखरा हात छातीवरून समोर आडवा आणा. दुसऱ्या हाताने कोपराच्या थोडं वर धरा आणि हळूच आपल्याकडे ओढा.” इथे मी विचारते, ताण कुठे जाणवतोय? खांद्याच्या मागे म्हणाल्या, तर बरोबर. पुढे चिमटा बसतोय म्हणाल्या, तर कोपर थोडं खाली आणायचं. तरीही चिमटा राहिला, तर त्या दिवशी सोडून द्यायचं. फरा भिंतीला टेकवणं महत्त्वाचं, नाहीतर सगळा फराच पुढे सरकतो आणि आखडलेल्या भागाला काहीच मिळत नाही. ३० सेकंद धरायचं, सोडायचं, असं पाच वेळा, रोज. २००७ मधल्या एका अभ्यासात, दुखणं नसलेल्या पण खांदा आखडलेल्या तरुणांमध्ये चार आठवडे हेच प्रमाण ठेवलं होतं आणि खांद्याची आत वळण्याची हालचाल चांगली सुधारली होती. कुशीवर झोपून मनगट खाली दाबण्याचा ‘स्लीपर स्ट्रेच’ बराच प्रसिद्ध आहे, पण दुखऱ्या खांद्यावर तो अनेकांना सोसत नाही. मी सुरुवात त्याने करत नाही.

छातीसाठी दाराची चौकट पुरते. हाताचा पुढचा भाग चौकटीला टेकवायचा, एक पाऊल पुढे टाकायचं आणि धड विरुद्ध बाजूला वळवायचं. दुखत असेल, तर कोपर खांद्याच्या खालीच ठेवायचं. टॉवेल पाठीमागे धरून हात वर ओढण्याचा प्रकार मात्र सुरुवातीला टाळावा. त्यात दुखरी दोरीच ताणली जाते.

नुसत्या ताणाने काम भागत नाही. फऱ्याला वळवणारे आणि दंडाचा गोल जागेवर धरणारे स्नायू रबरी पट्ट्याने बळकट करावेच लागतात आणि त्याला साधारण तीन महिने द्यावे लागतात. नुसता शेक आणि मशीन यावर समाधान मानू नका.

हे सगळं खांदा नीट तपासून घेतल्यावर. दुसऱ्याने फिरवूनही हात बाहेर वळत नसेल, तर ते बहुधा फ्रोझन शोल्डर असतं आणि मधुमेह असलेल्यांत ते जास्त आढळतं. पडल्यावर हात उचलताच येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीवर दाब आणि घाम असेल, तर व्यायाम नको, थेट रुग्णालय गाठा.

रात्री पाठीवर झोपा आणि दुखऱ्या दंडाखाली चादरीची घडी ठेवा. सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर त्या दिवशी ताण हलका द्या. तेवढाच किंवा कमी दुखत असेल, तर आहे तसंच चालू ठेवा.