हेडला भेग का पडते आणि कोणती भेग दुरुस्त होते

मागच्या दोन व्याख्यानांत आपण डिझेल इंजिनातलं ज्वलन आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था पाहिली. आजचा विषय त्याच्याच पुढचा, पण थेट गॅरेजातला आहे. जुन्या ट्रकचं हेड क्रॅक गेलं तर ते दुरुस्त करायचं की भंगारात द्यायचं?

उदाहरण म्हणून आम्ही टाटाचं ६९७ इंजिन घेतलं आहे. टेल्कोनं १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ पर्यंत चालला. ६९७ हे त्याच घराण्यातलं इंजिन. आकड्यातच त्याचं माप आहे: ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, म्हणजे सगळं मिळून ५६७५ सीसी. १६१२, १६१३ अशा ट्रकांत हे इंजिन असायचं. यातल्या बऱ्याच गाड्यांचा मालकच ड्रायव्हर असतो. त्याची गाडी उभी राहिली की घरातली मिळकत थांबते. त्यामुळे 'नवीनच घ्या' किंवा 'वेल्डिंग मारून टाका' ही दोन्ही उत्तरं त्याला महागात पडू शकतात. आजचं सगळं बोलणं या दोन उत्तरांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

भेग येते कुठून?

हे हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बिडात कार्बन साधारण अडीच ते चार टक्के असतो आणि तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड छान कापलं जातं, कंपनं पचवतं, ओतायलाही सोपं पडतं. पण हेच पापुद्रे आतल्या आत बारीक चिरांसारखे वागतात. बीड दाबलं तर भरपूर सोसतं. ओढलं तर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकंच सोसतं, आणि तुटताना आधी वाकून सूचना देत नाही.

आता हेडची खालची बाजू डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक सिलिंडरवर एक इनलेट आणि एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, शेजारी इंजेक्टरचं भोक. दोन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये बिडाची एक अरुंद पट्टी उरते. खालून तिला जळत्या वायूचा ताप लागतो. त्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या आसपास जातं. पट्टीच्या वरच्या बाजूला जॅकेटमधलं पाणी असतं, ते ८०-९० अंशांचं. पट्टीला तापून लांब व्हायचं असतं, पण भोवतालचं थंड, जाड बीड तिला जागा देत नाही. साधा हिशोब सांगतो: १ मीटर बीड १०० अंशांनी तापलं तर सुमारे १ मिलिमीटर लांबतं. पट्टी छोटी असते म्हणून तिची वाढही छोटी, पण ती कोंडलेली असते.

कोंडलेली पट्टी गरम असताना दबते आणि किंचित कायमची आखडते. इंजिन थंड झालं की ती आता आखूड पडलेली असते, म्हणून चहूबाजूंनी ओढली जाते. आणि ओढ हेच बिडाचं दुबळं अंग. एका वेळेला काही होत नाही. पण रोज तापणं, रोज निवणं असं हजारो वेळा झालं की तिथे केसासारखी चीर सुरू होते.

म्हणजे थोडीफार चीर वयाप्रमाणे येणारच. वयाच्या आधी येते तेव्हा मात्र कारण बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूला सापडतं. विहिरीचं किंवा बोअरचं क्षारांचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं की जॅकेटमध्ये आतून खडूसारखा थर बसतो. हा थर उष्णता वाहून नेण्यात बिडापेक्षा दहापटींहून अधिक कमी पडतो. काट्यावर पाण्याचं तापमान ठीक दिसतं, आणि थराखालची पट्टी भाजत असते. त्यात फॅनचा पट्टा ढिला, रेडिएटरचं टोपण दाब न धरणारं, एखादा इंजेक्टर धार मारणारा, अशी भर पडते. शेवटचा घाव घालते ती एक सवय: घाटमाथ्यावर पाणी उकळलं की लगेच टोपण उघडून गार पाणी ओतणं. कसारा किंवा खंबाटकी चढून आलेल्या तापल्या हेडवर गार पाणी गेलं की आतली बाजू एकदम आक्रसते आणि अर्धवट चीर आरपार होते.

आधी खात्री, मग पाना

पाणी कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतोय, ऑइल दुधाळ झालंय, या खुणा तुम्हाला माहीत आहेत. पण यातली प्रत्येक खूण फक्त गॅसकेट उडाल्यामुळेही दिसू शकते. ऑइल कूलर गळत असला तरी ऑइल दुधाळ होतं. म्हणून हेड उतरवलं म्हणजे हेडच दोषी, असं धरून चालू नका.

हेड पूर्ण थंड झाल्यावरच उतरवायचं. बोल्ट कसायचा जो क्रम असतो त्याच्या उलट क्रमानं, टप्प्याटप्प्यानं ढिले करायचे. ६९७ ला सहाही सिलिंडरांवर एकच लांब हेड असतं. ते एका टोकाकडून सोडलं तर तिथेच वाकायला सुरुवात होते.

मग व्हॉल्व्ह, स्प्रिंग, इंजेक्टर काढून हेड स्वच्छ धुवायचं. काजळीखाली भेग दिसत नाही. तपासायच्या चार पद्धती आहेत.

पहिली, जुनी आणि फुकटात पडणारी: संशयित जागी रॉकेल लावायचं, पुसून कोरडं करायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. भेगेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. दुसरी पद्धत याच तत्त्वावरची, फक्त रॉकेलच्या जागी लाल रंगाचं पातळ द्रव्य आणि खडूच्या जागी पांढरा फवारा. तिसरी चुंबकाची: हेड चुंबकित करून लोखंडाचा बारीक कीस टाकायचा, तो भेगेच्या कडेनं रांगेत जमतो.

या तिन्ही पद्धती भेग कुठे आहे ते सांगतात. ती पाण्यापर्यंत पोचली आहे का, हे सांगते चौथी, दाबाची चाचणी. जॅकेटची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद करायची, आत दोन-तीन बार हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. पाणी गरमच हवं, ८० अंशांच्या आसपास. कित्येक भेगा थंड असताना मिटलेल्या असतात आणि तापल्यावरच तोंड उघडतात.

कोणती भेग कोणत्या वाटेनं

आता निर्णय. आम्ही तो चार गटांत करतो.

पहिला गट: व्हॉल्व्हच्या सीटमधली वरवरची केसासारखी चीर, जी दाबाच्या चाचणीत गळत नाही. काही इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये अशा चिरेला मर्यादेत परवानगी असते. मॅन्युअल पाहा, सीट नवीन बसवा आणि कारण दूर करा. न गळणारी भेग उगाच उकरू नये.

दुसरा गट: जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीतली भेग. इथे ज्वलनाचा ताप नाही, दाबही कमी. ही सगळ्यात भरवशाची दुरुस्ती.

तिसरा गट: सीटच्या मधून पाण्यापर्यंत गेलेली एकच सरळ भेग. दुरुस्त होते, पण कसलेल्या हाताकडून आणि योग्य पद्धतीनं.

चौथा गट: इंजेक्टरच्या भोकात उतरलेली भेग, ऑइलच्या वाटेला भिडलेली भेग, किंवा तीन-चार सिलिंडरांवर पसरलेल्या भेगा. अशा हेडवर पैसे घालू नका. एक भेग बुजवली की ताण शेजारी सरकतो.

टाका, भट्टी आणि निकेल

तिसऱ्या गटासाठी आमची पहिली पसंती थंड टाक्यांना असते. भेगेच्या दोन्ही टोकांना, दिसते त्याच्या थोडं पुढे, बारीक भोकं पाडायची म्हणजे ती पुढे पळत नाही. मग भेगेवर एक भोक पाडून त्यात आटे पाडायचे, सीलंट लावून आट्यांची पिन कसायची आणि वरून कापायची. पुढचं भोक आधीच्या पिनचा थोडा भाग खाईल असं घ्यायचं. अशी एकमेकींत अडकलेली पिनांची साखळी भेगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. वरून हलके ठोके, मग मशिनिंग, मग नवीन सीट. पिन बारीक होत जाणाऱ्या आकाराची असेल तर ती पाचरीसारखी भेग फाकवू शकते. कडा एकमेकींकडे ओढून धरणाऱ्या खास आट्यांच्या पिना मिळतात, त्या घ्याव्यात. या पद्धतीत आग नाही, त्यामुळे हेडमध्ये नवा ताण शिरत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो.

दुसरी वाट भट्टीची. पूर्ण हेड भट्टीत ६०० ते ७०० अंशांपर्यंत सावकाश तापवायचं, त्या तापातच गॅसनं बिडाची सळई वितळवून भेग भरायची आणि मग राखेत किंवा भट्टीतच एक दिवस किंवा जास्त वेळ निवू द्यायचं. जोड बिडाचाच होतो, हा मोठा फायदा. पण इतकं तापलेलं हेड थोडं वाकतंच, म्हणून नंतर फेसिंग, गाईड, सीट सगळं नव्यानं करावं लागतं.

तिसरी वाट निकेलच्या इलेक्ट्रोडनं थंड वेल्डिंग. इंचभराचा टाका मारायचा, लगेच हातोडीनं हलकं ठोकायचं आणि हात ठेवता येईल इतकं निवल्याशिवाय पुढचा टाका मारायचा नाही. बाहेरच्या भिंतीला हे चांगलं चालतं. सीटच्या मधल्या पट्टीवर नाही. वेल्डच्या कडेचं बीड झपकन निवतं तेव्हा त्यातला कार्बन ग्रॅफाइट न होता काचेसारखं कडक संयुग बनवतो, आणि नवी भेग बरोब्बर त्या कडेनं जाते.

'बिडाला वेल्डिंग होतच नाही' असं सरसकट म्हणणंही खरं नाही. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिथल्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी इंजिनांचे बिडाचे सिलिंडर आधीच फोडून ठेवले होते. नवे ओतायला फार वेळ गेला असता. अमेरिकी नौदलानं त्यातले बरेच विजेच्या वेल्डिंगनं जोडले आणि ती जहाजं सैन्य वाहून नेऊ लागली. वेल्डिंग होतं. जागा आणि पद्धत चुकली की होत नाही.

पितळी सळईचं ब्रेझिंग ज्वलनाच्या बाजूला टिकत नाही. रेडिएटरमध्ये ओतायची सील करणारी औषधं गाडी घरी आणण्यापुरती. तीच औषधं रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतात.

दुरुस्तीनंतरचं अर्धं काम

दुरुस्त हेडची दाबाची चाचणी पुन्हा गरम पाण्यात घ्या, आणि मालकानं ती स्वतः उभं राहून पाहावी. फेसिंग करताना हेडची किमान जाडी मॅन्युअलमध्ये पाहा. जास्त धातू काढला तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या फार जवळ येतात. बसवताना ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा. तिथे साचलेलं पाणी किंवा ऑइल बोल्टखाली दबून ब्लॉकच फोडू शकतं. टॉर्क पान्यानं मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं कसा.

आणि ज्या कारणानं भेग पडली ते काढल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. जॅकेट आणि रेडिएटरमधला क्षार धुवा, टोपण बदला, पंप आणि पट्टा पाहा, इंजेक्टर तपासून घ्या. साध्या पाण्याऐवजी कूलंट घाला.

श्रोत्यांचे प्रश्न

*थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन गार राहील ना?*

नेहमी नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. सपाट रस्त्यावर इंजिन नको इतकं गार, घाटात नको इतकं गरम. म्हणजे तापण्या-निवण्यातला फरक वाढतो, आणि भेग त्या फरकानंच पडते.

*भंगार बाजारातलं जुनं हेड घ्यावं का?*

घ्या, पण पैसे देण्याआधी दाबाची चाचणी आणि जाडीचं माप, दोन्ही करून घ्या. रंग दिलेलं हेड असेल तर रंग काढून पाहा.

*ड्रायव्हरनं नेमकं काय पाळावं?*

तीन गोष्टी. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता तीन ते पाच मिनिटं रिकामं चालू द्या, म्हणजे फिरतं पाणी पट्टीतली उष्णता काढून नेईल. पाणी उकळलं तर टोपणाला हात लावू नका. टोपण अर्धा बार दाब धरत असेल तर आतलं पाणी १११ अंशांपर्यंत उकळत नाही. तुम्ही टोपण उघडलंत की तेच पाणी एकदम उकळून तुमच्या तोंडावर येतं. इंजिन निवू द्या, मग थोडं थोडं पाणी घाला. आणि पाणी किती वेळा घालावं लागतं ते वहीत लिहा. आठवड्याला एक लिटर लागत होतं ते तीन लिटर लागायला लागलं, तर तीच पहिली बातमी. त्या वेळी आलेलं हेड बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या गटात असतं. पुढे ढकललं की चौथ्यात जातं.

पुढच्या व्याख्यानात हेड गॅसकेट घेऊ.