दहावीचं वर्ष : अभ्यास मुलांचा, संध्याकाळ घराची



मी प्राथमिक शाळेत शिकवते. दहावीचा वर्ग माझ्याकडे नसतो, त्यामुळे या विषयावर मी का लिहावं असं कुणालाही वाटेल. पण चौथीत माझ्यासमोर बसलेली मुलं सहा वर्षांनी दहावीला बसतात. गाव लहान, वाट एकच. एसटी स्टँडवर, दळणाच्या गिरणीत, दुकानात ती भेटतात. "काय गं, अभ्यास कसा चाललाय?" असं मी विचारते आणि "चाललाय बाई" असं उत्तर येतं. या उत्तराचा अर्थ मला दोन वर्षांपूर्वी कळला. ते सांगण्यासाठीच हा लेख.

एका मुलीचा दिवस

माझी एक जुनी विद्यार्थिनी. चौथीत असताना पाढे घडाघडा म्हणणारी, हुशार. दहावीच्या डिसेंबरात तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, पोरगी पुस्तक घेऊन बसते, पण डोक्यात काय जात नाही. सराव परीक्षेत दोन विषय गेलेत. तिचे वडील म्हणतात, मार्चमध्ये नापास झाली तर शाळा बास, स्थळं बघू. तुम्ही जरा समजावा तिला."

मुलगी पंधरा वर्षांची. म्हणजे निकाल फक्त गुणपत्रिकेचा नव्हता.

मी तिला बोलावलं आणि आपण सगळे शिक्षक जे सांगतो तेच सांगितलं. "पहाटे उठत जा. पहाटेचा अभ्यास लक्षात राहतो. मोबाईल बाजूला ठेव." ती मान हलवून गेली. महिन्याभराने भेटली तेव्हा डोळ्यांखाली काळं झालेलं. या वेळी मी उपदेश केला नाही. एक कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "कालचा दिवस लिही. खरा लिही."

तिने लिहिलेला दिवस असा होता :

- पहाटे ४.३० ते ६ : अभ्यास (बाईंनी सांगितला म्हणून. अर्धा वेळ डुलक्या.)
- ६ ते ७.३० : पाणी, झाडलोट, डबा
- ८ ची एसटी, पावणेनऊपासून जादा तास
- १०.४५ ते ५ : शाळा
- पावणेसातला घरी
- ७ ते ८ : भाकरी, कालवण
- ८ ते ९.३० : जेवण, भांडी. घरात एकच खोली, टीव्ही चालू.
- ९.३० ते ११.३० : अभ्यास
- ११.३० : झोप

कागद बघून मी गप्प झाले. झोप पाच तास. स्वतःचा अभ्यास साडेतीन तास, तोही डोळे मिटायला आल्यावर किंवा पुरते उघडायच्या आधी. आणि त्यातला पहाटेचा तुकडा मीच तिच्या झोपेतून कापून दिलेला. मुलगी आळशी नव्हती. तिच्या दिवसात अभ्यासाला जागी असलेली वेळच नव्हती.

पहाटेच्या अभ्यासाचं खरं काय?

पहाटे उठणं वाईट नाही. आपल्या आजोबांच्या काळी दिवेलागणीनंतर तासाभरात जेवणं उरकायची आणि घर झोपायचं. रात्री साडेआठला झोपलेलं मूल साडेचारला उठलं तर त्याची आठ तास झोप झालेली असते. आता झोपायची वेळ पुढे गेली आणि उठायची तिथेच राहिली.

शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच थोडं पुढे सरकतं. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे मुलांना लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. आपण त्याला आळस म्हणतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं. म्हणजे झोप तोडून केलेला अभ्यास पाटीवर लिहून लगेच पुसल्यासारखा होतो.

मग जागी असलेली वेळ कुठून आणायची? तिच्या कागदावर एकच फट दिसत होती : संध्याकाळी सात ते साडेनऊ. आणि ती फट तिच्या हातात नव्हती, घराच्या हातात होती.

वडगावचा भोंगा

इथे मला आपल्याच सांगली जिल्ह्यातलं एक गाव आठवलं. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. साधारण तीन हजार वस्तीचं, शेतकऱ्यांचं आणि साखर कारखान्यात काम करणाऱ्यांचं गाव. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली. शाळा पुन्हा भरू लागली तरी मोबाईल काही मुलांच्या हातातून सुटेना. शिक्षकांच्या हे लक्षात येत होतंच. पण घरी सांगायचं कुणी, कारण घरी मोठ्यांच्या हातातही मोबाईल आणि समोर मालिका.

सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर गावाने बैठकीत ठरवलं : रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल, तेव्हापासून साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधला दीड तास वाचनाचा, अभ्यासाचा, बोलण्याचा. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. बायकांनी मात्र मान्य केलं की मालिका जास्तच होतात. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन सांगत राहिले. या भोंग्याची बातमी पुढे देशाबाहेरही गेली.

बातमीत "गावाने मुलांचे मोबाईल बंद केले" असं आलं की आपल्याला ते लगेच पटतं. पण वडगावचा नियम फक्त मुलांसाठी नाही. भोंगा वाजला की आजीची मालिका बंद होते आणि बापाचा व्हॉट्सअॅपही. त्यातच त्याची ताकद आहे. मूल पुस्तकात आणि बाकी घर टीव्हीत, अशा खोलीत मुलाला अभ्यास ही शिक्षाच वाटते. सगळ्यांनीच थांबायचं ठरलं तर ती घराची रीत होते.

मग आम्ही काय केलं

आमच्या गावात भोंगा नाही. मी तो कागद घेऊन तिच्या घरी गेले. वडिलांपुढे ठेवला. भाषण दिलं नाही, फक्त म्हटलं, "दादा, यात अभ्यासाची वेळ दाखवा." त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ही पाच तासच झोपतीय व्हय?" त्यांना ते खरंच माहीत नव्हतं.

सात ते साडेआठ जमेना, कारण स्वयंपाक तेव्हाच. साडेसात ते नऊ ठरलं. आजी भाकरी थापते म्हणाली, सहावीतला भाऊ पाणी भरेल असं ठरलं. त्याने तोंड वाकडं केलं, पण भरलं. टीव्ही नऊपर्यंत बंद. पहाटेचा गजर काढून टाकला, दहा ते साडेपाच झोप. साडेसात तास. आठ झाले नाहीत, पण पाचापेक्षा बरे.

रोज जमलं का? नाही. आमच्याकडे परीक्षेचे दिवस म्हणजे कामाचे दिवस. ऊसतोड चालू असते, हळद शिजवायची असते, द्राक्षाच्या बागा उतरत असतात. कृषिपंपाला रात्रीची लाईट असली की घरातला एक माणूस रानात. आठवड्यातून दोन दिवस ठरलेलं मोडायचं. पण पाच दिवस टिकायचं.

हे आपल्या मातीत नवीन नाही

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. पुढे महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. आपण 'कमवा आणि शिका' आठवतो, ते बरोबरच. पण बोर्डिंग का लागलं याचाही विचार करावा. शाळा काढली की काम संपत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. गरिबाच्या मुलाला दोन वेळचं जेवण, बसायला जागा आणि सोबतीला शिकणारी मुलं हवी असतात. लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या जेवणासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रही मोडलं. जे घरात मिळत नव्हतं ते घर त्या दोघांनी उभं केलं. आज आपल्या मुलांना शाळा जवळ आहे, पुस्तकं आहेत. घराने फक्त दीड तास द्यायचा आहे.

टक्क्यांची भीती थोडी कमी करूया

पालक मुलांची टक्केवारी शेजारच्या, मावशीच्या, मागच्या वर्षीच्या मुलांशी लावून बघतात. दहावीचा राज्याचा निकाल बघा : २०१९ ला ७७.१० टक्के, २०२० ला ९५.३० टक्के, २०२१ ला ९९.९५ टक्के. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं इतकी हुशार झाली का? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले होते. पुढच्या वर्षी ते परत आले, आणि करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. म्हणजे टक्के पद्धतीबरोबर वरखाली होतात. मोठ्या भावाच्या टक्क्यांवरून धाकटीला बोलण्यात अर्थ नाही.

घरी करता येण्यासारखं

१. आधी दिवस लिहून काढा. मुलाने स्वतः लिहावा, पालकांनी मध्ये बोलू नये. झोपेचे तास मोजा.

२. घराची एक वेळ ठरवा. दीड तास पुरे. मोबाईल सगळ्यांचे एका जागी ठेवायचे, मोठ्यांचे आधी.

३. पुस्तक मिटून आठवायला सांगा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं पहिल्या काही तासांतच भराभर विसरतं. म्हणून त्याच दिवशी, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने उजळणी हवी. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता लिहून पाहिलेलं जास्त टिकतं. आई अडाणी असली तरी "आज काय शिकलीस, मला सांग" एवढं विचारू शकते. तीही उजळणीच.

४. पेपर वेळ लावून सोडवा. भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा, गणित भाग एक आणि दोन प्रत्येकी ४० गुणांचे, दोन तासांचे. पेपर सकाळी अकराला सुरू होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी अकरालाच बसवा. शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात, ती तपासायला ठेवायची सवय लावा.

५. शाळेकडचे गुण हलके समजू नका. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे वीस गुण वर्षभरात मिळतात.

६. पेपर झाल्यावर उलटतपासणी नको. "जेवलास का?" हा प्रश्न आधी.

आणि नाही झालं पास, तर?

हे परीक्षेच्या आधीच घरात बोललं पाहिजे. ज्या मुलीला नापास म्हणजे लग्न असं सांगितलेलं असतं, ती पेपर लिहिताना प्रश्न वाचत नसते, मांडव बघत असते. अठरा वर्षांच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, हे तर आहेच. पण वाटाही आहेत. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळू शकतो. गुणांबद्दल शंका असली तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन यांसाठी मंडळाकडे अर्ज करता येतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं.

मूल एकदम गप्प झालं, जेवण तुटलं, "मी नसतो तर बरं" असं काही बोललं तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन नंबर वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

शेवटी

त्या मुलीला ५८ टक्के मिळाले. पेपरात फोटो येण्यासारखे नाहीत. पण ती आता तालुक्याला बारावीला आहे आणि स्थळांचा विषय घरात निघत नाही. परवा एसटी स्टँडवर भेटली. मी सवयीने विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" ती हसून म्हणाली, "बाई, आता भावाची दहावी जवळ आली. साडेसातला टीव्ही मीच बंद करते."

शिक्षक मित्रहो, पुढच्या पालकसभेत मुलांच्या गुणांची यादी वाचण्याआधी पालकांना एक कोरा कागद द्या आणि त्यांच्या मुलाचा कालचा दिवस लिहायला सांगा. बऱ्याच जणांना तो लिहिता येणार नाही. बोलणं तिथूनच सुरू करता येईल.