हृदय झडपा, कृत्रिम
हृदयाची झडप अरुंद झाल्यास किंवा तिच्यातून रक्त उलट गळू लागल्यास व तिची दुरुस्ती शक्य नसल्यास तिच्या जागी बसविण्यात येणारी साधने. यांत्रिक व जैव असे त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पिंजऱ्यात खालीवर सरकणारी गोळी ही यांत्रिक झडपेची मूळ रचना होय. चार्ल्स हफनेगल यांनी १९५२ मध्ये गोळीची झडप महारोहिणीच्या अवरोही भागात बसविली. ॲल्बर्ट स्टार व अभियंता लोवेल एडवर्ड्‌स यांची झडप १९६० मध्ये प्रत्यक्ष हृदयात, द्विदल झडपेच्या जागी बसविण्यात आली. तीत रक्ताला गोळीभोवती वळसा घ्यावा लागे. कलत्या चकतीच्या झडपेत हा अडथळा कमी झाला. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली व १९९० मध्ये प्रथम रोपण केलेली चित्रा झडप याच जातीची आहे. १९७७ पासून वापरात आलेली, दोन अर्धवर्तुळाकार कार्बनी पाळ्यांची झडप आता यांत्रिक झडपांत सर्वाधिक प्रचलित आहे.

जैव झडपा डुकराच्या महारोहिणी झडपेपासून किंवा गुरांच्या हृदयावरणापासून करतात. त्यांच्या ऊतकावर ग्लुटाराल्डिहाइडाचा संस्कार केलेला असतो.

यांत्रिक झडप बहुधा जन्मभर टिकते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते व ती सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. त्यामुळे वॉर्फरीन हे क्लथनरोधी औषध आयुष्यभर घ्यावे लागते. मात्रा कमी पडल्यास गुठळीचा व अधिक झाल्यास रक्तस्रावाचा धोका असल्याने रक्ततपासणी नियमित करावी लागते. ही सोय जवळपास नसलेल्या रुग्णास चांगली यांत्रिक झडपही घातक ठरू शकते. जैव झडपेस हे औषध बहुधा काही महिनेच पुरते, मात्र कॅल्शियम साचून ती साधारणतः १०–१५ वर्षांत व तरुणांत त्याहूनही लवकर निकामी होते. म्हणून पन्नाशीच्या आत सामान्यतः यांत्रिक व पासष्टीनंतर जैव झडप निवडतात.

भारतात संधिवाती ज्वरामुळे झडप बिघडलेले पुष्कळ रुग्ण तरुण असतात आणि त्यांतील स्त्रियांना हा ठोकताळा पुरेसा नाही. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत वॉर्फरिनाने गर्भात व्यंग उद्‌भवू शकते. त्याऐवजी हेपारीन दिल्यास झडपेवर गुठळी होण्याची शक्यता वाढते. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीस म्हणूनच पुष्कळदा, दुसरी शस्त्रक्रिया जवळजवळ अटळ आहे हे समजावून, जैव झडप बसवितात. आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रूआं येथे छाती न उघडता नलिकेद्वारे महारोहिणी झडप बसविली. या पद्धतीने निकामी जैव झडपेच्या आत नवी झडप बसविता येते; पण मूळ झडप फार लहान असल्यास ते कठीण जाते.