पोटातला गोळा, उलटीची गोळी

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून मिळतो तो खर्रा. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' ही मोहीम त्याच्याविरुद्ध गावोगाव झटते आहे. तरी खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर झालेली माणसे उपचारासाठी नागपूरची वाट धरतातच. त्यांतल्या अनेकांना किरणोपचारासोबत सिसप्लॅटिन दिले जाते. हे औषध कॅन्सरच्या पेशींना मारते आणि रोग्याला ओकायला लावते. एकेकाळी पहिल्या चोवीस तासांत इतक्या उलट्या होत, की काही जण कॅन्सरपेक्षा सलाइनच्या बाटलीलाच भ्यायचे.

उलटी होते ती पोट बिघडल्याने, असे आपण धरून चालतो. खरे तर सिसप्लॅटिनने दुखावलेल्या आतड्याच्या पेशी सेरोटोनिन सोडतात. मेंदूतील 'आनंदाचे रसायन' म्हणून मिरवणाऱ्या या पदार्थाचा नव्वद टक्क्यांहून अधिक साठा आतड्यातच असतो. जवळच्या व्हेगस मज्जातंतूवर त्याच्यासाठी एक दार असते. ते उघडले, की आरोळी थेट मेंदूच्या बुडाशी पोचते आणि पोट उलटते.

या दाराला कुलूप घालायचे, ही कल्पना १९८० च्या दशकातली. उंदीर तिच्या कामाचा नव्हता, कारण त्याला उलटीच करता येत नाही. म्हणून मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यावर प्रयोग झाले. १९८६ मध्ये मायनर आणि सँगर या शास्त्रज्ञांनी दाखवले, की हे दार बंद करणारे औषध आधी दिले तर सिसप्लॅटिनची उलटी थांबते. त्याच वेळी ग्लॅक्सो कंपनीत 'जीआर ३८०३२एफ' नावाच्या पदार्थावर काम चालू होते. तो पुढे ऑन्डान्सेट्रॉन झाला. १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि आज ही गोळी साध्या औषध दुकानात मिळते. मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू होणारी उशिराची उलटी तिला फारशी जुमानत नाही. तिथे दुसरीच रसायने असतात, त्यामुळे स्टेरॉइड आणि अन्य औषधे जोडावी लागतात.

शास्त्रज्ञांची हाव इथे थांबली नाही. भीतीने पोटात गोळा येतो हे आपल्याला भाषेनेच शिकवलेले आहे. मग हेच औषध भीतीवरही चालावे, नाही का? इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये कॉस्टॉल आणि नेलर या संशोधकांनी उंदीर अर्ध्या उजेडाच्या, अर्ध्या अंधाराच्या खोक्यात सोडले. उंदराला अंधार सुरक्षित वाटतो. औषध घेतलेले उंदीर मात्र उजेडात जास्त वेळ रेंगाळले. केवढी आशा निर्माण झाली! माणसांवरच्या चाचण्यांत ती टिकली नाही. काळजीने घेरलेला माणूस आणि खोक्यातला उंदीर यांत फरक आहे, हे औषध कंपन्यांना पैसे ओतून कळले.

गोळी साधी असली तरी निरुपद्रवी नाही. डोके दुखते, बद्धकोष्ठ होतो. हृदयाच्या ठोक्यातला विद्युत कालावधीही ती लांबवू शकते. मलेरियावरचे क्लोरोक्विनही तेच करते, आणि गडचिरोलीत मलेरिया म्हणजे परका पाहुणा नव्हे. तेव्हा दोन्ही एकत्र घेताना डॉक्टरला सांगायलाच हवे.

एक गंमत राहिली. नागपूरहून औषध घेऊन एसटीने गडचिरोलीतल्या आलापल्लीकडे परतणाऱ्याची मळमळ या गोळीने जातेच असे नाही. बसच्या हेलकाव्याची उलटी कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून येते. तिच्या निरोप्यांत हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन असतात, आतड्यातले ते दार नव्हे. सिसप्लॅटिनला अडवणारी गोळी खिशात असूनही माणूस कंडक्टरला खिडकीची जागाच मागतो.