मोटारघरातील वीज

घर आणि मोटार एकाच सांगाड्यावर बसवली की मोटारघर तयार होते. युरोप-अमेरिकेत अशी घरे घेऊन लोक दूरदूर भटकतात. रात्री मोटार एखाद्या रानात मुक्कामाला थांबते. तेथे दिवे, पंखा, शीतकपाट यांना वीज कोण पुरवते? आणि रात्रभर ती वापरल्यावर सकाळी इंजिन सुरू होईल का?

ही दोन कामे दोन निरनिराळ्या बॅटऱ्या करतात. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीला काही सेकंदच, पण शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. म्हणून तिच्यात शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. पृष्ठभाग वाढला की अंतर्गत रोध कमी होतो. घरासाठीची बॅटरी थोडा प्रवाह तासन् तास देते. तिच्या पट्ट्या जाड असतात. चालत्या इंजिनावर दोन्ही प्रभारित होतात. इंजिन बंद झाले की एक रिले त्यांची जोडणी तोडतो. म्हणून घराची बॅटरी उतरली तरी इंजिनाची शाबूत राहते.

आता हिशेब करू. घराची बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची आहे असे समजा. तिच्यात १२ × १०० = १२०० वॉट-तास ऊर्जा मावते. पण शिसे-आम्ल बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली तर ती लवकर निकामी होते. म्हणून निम्मी, म्हणजे ६०० वॉट-तासच वापरावी. खर्च पाहा:

५ वॉटचे ३ दिवे, ४ तास : ६० वॉट-तास
२० वॉटचा पंखा, ८ तास : १६० वॉट-तास
सरासरी १५ वॉटचे शीतकपाट, २४ तास : ३६० वॉट-तास

एकूण ५८०. जेमतेम भागले!

आता कोणी चहासाठी १२०० वॉटची विजेची किटली लावली तर? इन्व्हर्टर १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करील. परंतु त्याला बॅटरीकडून किमान १०० अँपिअर घ्यावे लागतील. तारेचा रोध केवळ ०.०१ ओहम असला तरी I²R या सूत्राप्रमाणे तिच्यात १०० वॉट उष्णता निर्माण होईल. २३० व्होल्टच्या बाजूला प्रवाह सुमारे ५.२ अँपिअर, तेवढ्याच रोधाच्या तारेत उष्णता जेमतेम ०.३ वॉट! म्हणून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची तार जाड आणि आखूड हवी.

१२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून ही वीज निर्धोक, असे मात्र समजू नका. तारेचे वेष्टन घासून ती सांगाड्याला टेकली तर शेकडो अँपिअर वाहतात, तार लाल होते आणि आग लागते. यासाठी बॅटरीच्या धन अग्राजवळच फ्यूज बसवतात.

शेवटी एक प्रश्न. छपरावरील सौर तावदानातून रोज ४०० वॉट-तास मिळतात. वरील खर्च कायम आहे आणि सुरुवातीला बॅटरी पूर्ण भरलेली आहे. इंजिन सुरू न करता मुक्काम किती पूर्ण दिवस चालेल? वहीत मांडून पाहा.