चोर आत आला, तर किती खोलीत फिरेल?

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊ. फोनमध्ये किंवा सर्व्हरवर पडद्यामागे सतत चालणारी एखादी सेवा चोराच्या ताब्यात गेली, तर त्याच्या हाती काय काय लागेल?

आपल्या भोकरदनच्या बाजार समितीचं उदाहरण घ्या. अडत्या आपल्या दुकानाची किल्ली कुणाला द्यायची ते स्वतः ठरवतो. माप मात्र परवानाधारक मापाड्यानेच करायचं. तिथे अडत्याची मर्जी चालत नाही. लिनक्समधल्या नेहमीच्या परवानग्या या किल्लीसारख्या असतात, कारण त्या फाइलचा मालक ठरवतो. 'एसईलिनक्स' हा समितीच्या नियमासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तो २००० साली खुला केला आणि २००३ मध्ये तो लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये आला. त्यात प्रत्येक प्रक्रियेला आणि प्रत्येक फाइलला लेबल असतं. कोणत्या लेबलने कशाला हात लावायचा, हे धोरणात लिहिलेलं असतं. जे लिहिलं नाही, ते बंद. हा नियम रूटलाही लागू.

पण नुसतं धोरण असून भागत नाही, बरं का. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघड झाला. खास बनवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला, तरी काही फोनवर हल्लेखोराला आत शिरता येत होतं. व्हिडिओची फाइल वाचणारी 'मीडियासर्व्हर' ही सेवा कॅमेरा आणि आवाजाचं कामही सांभाळायची. कामं अनेक, म्हणून परवानग्याही अनेक! धोरण लागू असूनही ते सैलच राहणार.

२०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये या सेवेचे तुकडे केले गेले. कॅमेऱ्याची सेवा वेगळी, आवाजाची वेगळी आणि फाइल उलगडणारी वेगळी. आता फाइल उलगडणारी सेवा फसली, तरी तिला कॅमेरा उघडता येत नाही.

तुम्ही स्वतःच्या सेवेसाठी धोरण लिहाल, तेव्हा आधी तिच्या कामांची यादी करा. सुरुवातीला फक्त त्या सेवेपुरता 'परमिसिव्ह' प्रकार ठेवा. यात काही अडवलं जात नाही, नियमाबाहेरच्या गोष्टींची नुसती नोंद होते. मग नोंदी वाचा. दिसेल त्या नोंदीला डोळे झाकून परवानगी देऊ नका. प्रत्येक वेळी विचारा, 'हे हिचं काम आहे का?' आणि शेवटी धोरण सक्तीचं करायला विसरू नका.

धोरणाने दोष दुरुस्त होत नाही, अपडेट लागतंच. पण अपडेट येईपर्यंत चोर एकाच खोलीत अडकून राहतो.