दोनशे वॅट भेटतील का?

राजापेठेतल्या एका वाचकाने विचारलंय : ‘आठ इंची सबवूफरची पेटी घरीच बनवली. टीपीए3116 चिपच्या ॲम्प्लिफायर बोर्डावर 50 वॅटचे दोन चॅनल आहेत. ते ब्रिज केले तर 200 वॅट भेटतील का?’ बोर्डाला वीज कुठून, तर सीसीटीव्हीच्या 12 व्होल्ट, 2 अँपिअरच्या अडॅप्टरमधून. म्हणजे आत येणार जेमतेम 24 वॅट आणि बाहेर हवेत दोनशे!

ब्रिजिंगचं गणित मात्र खोटं नाही. साध्या जोडणीत स्पीकरची एक तार ग्राउंडला स्थिर असते, दुसरी वरखाली होते. ब्रिजमध्ये दोन ॲम्प्लिफायर उलटसुलट चालतात. सी-सॉवरचं एक पोर फूटभर वर गेलं की दुसरं फूटभर खाली येतं आणि दोघांत दोन फुटांचा फरक पडतो, तसंच. व्होल्टेज दुप्पट, म्हणून वॅट चौपट. पण करंटही दुप्पट, म्हणून चिप जास्त तापते. 4 ओहमचा स्पीकर प्रत्येक ॲम्प्लिफायरला 2 ओहमचा भासतो. टीडीए7294च्या दोन चिप ब्रिज करताना 8 ओहमच्या खाली जाऊ नका, असं उत्पादकच बजावतो. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीत पारा 45च्या पुढे जातो, तेव्हा तर हे ऐकाच.

आता खरी मेख. टीपीए3116चा प्रत्येक चॅनल आतून आधीच ब्रिज केलेला असतो. त्याची उणे तार ग्राउंड नव्हे, ती ग्राउंडला टेकवायची नाही. दोन्ही चॅनल समांतर जोडायची सोय चिपमध्ये आहे, पण त्याने करंटची ताकद वाढते, व्होल्टेज नाही. 2 ओहमच्या स्पीकरला उपयोग, 4 ओहमला जवळपास काहीच नाही.

वॅट फुगवून छापायची जादू तशी जुनी आहे. टीपीए3116 ज्या ‘डी’ वर्गातला, त्याच वर्गाचा ॲम्प्लिफायर 1964 साली ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने बाजारात आणला. नाव ‘एक्स-10’, निघायचे अडीच वॅट! आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरवरचे ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट आठवतात ना? सिंक्लेअरचं नाव झालं. ज्या ॲलेक रीव्ह्जला या वर्गाच्या ॲम्प्लिफायरचं श्रेय दिलं जातं, तो कुणाला ठाऊक नाही. आवाजाचे तुकडे मोजून आकड्यांत पाठवायची युक्तीही त्याचीच, 1937ची, पॅरिसमधली. आपला प्रत्येक मोबाइल कॉल त्या युक्तीवर चालतो. ट्रान्झिस्टर तेव्हा जन्मलाही नव्हता, हे विशेष. माणूस काळाच्या फारच पुढे निघाला, की श्रेय मागे राहतं ते असं.

तर मुद्दा अडॅप्टरचा. 12 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला फार तर 18 वॅट मिळतात. 24 व्होल्टवर कागदोपत्री 72, हाती साठेक. म्हणजे ब्रिजिंगच्या भानगडीत न पडताही जवळपास चौपट. 24 व्होल्ट, 5 अँपिअरचा एसएमपीएस घ्या. त्याआधी बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरवर काय छापलंय ते बघा. 25 व्होल्टचे असतील तर 35चे बसवून घ्या, काठावरचा कपॅसिटर उन्हाळ्यात फुगतो.

आवाजही चौपट होईल, असं मात्र समजू नका. चौपट वॅट म्हणजे 6 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. शेजाऱ्यांना मात्र 6 डेसिबलही पुरतात.